बिलंदरच्या बाजूनं

थंडी पडली की लोकांना बरं वाटतं. हरभऱ्याला थंडी चांगली, गव्हाला चांगली, तुरीच्या शेंगा भरतात. मला मात्र पहिल्या थंडीच्या सकाळी दार उघडायची भीती वाटते. अंगणातली माती पायाला गार लागते. मग दिवसभर मी तोंडातून निघणारी वाफ बघत राहते. कालच्यापेक्षा जास्त की कमी, एवढंच.

यंदा थंडी लवकर आली आणि कापूसही एकदम फुटला. दोन दिवसांत वावर पांढरं झालं. त्याच आठवड्यात टीव्हीवर जाहिरात लागली की ती जुनी मालिका पुन्हा सुरू होणार, नवे भाग येणार. शेजारच्या जनाबाईनं कुडावरून आवाज दिला, "वंदना, तुहा बिलंदर येऊन राह्यला व परत."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. थंडी, कापूस आणि तो, हे तिन्ही याआधी एकदाच एकत्र आले होते. चार वर्षं झाली त्याला.

ती आकाशातल्या एका जहाजाची गोष्ट होती. जहाजावर हजारभर माणसं. त्यांची जमीन राहण्यासारखी उरली नव्हती, म्हणून ती दुसरी शोधत निघाली होती. कप्तान एक बाई होती, आखूड केसांची, कमी बोलणारी. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. बोलायच्या आधी ती एकदा खाली बघायची, जसं मी बघते. आणि त्या जहाजावर मधूनच तो यायचा. आज न्हावी होऊन, उद्या शाळामास्तर होऊन, एकदा तर जहाजाच्या सैपाकघरात कांदे चिरत बसलेला. त्याला सगळं करता यायचं. फुंकर मारली की जहाज जागच्या जागी उलटं. एकदा त्यानं सगळ्यांच्या सावल्या अदलाबदल केल्या आणि माणसं दिवसभर दुसऱ्याची सावली ओढत फिरली. तो मरत नाही, म्हातारा होत नाही, त्याला कुणी पाठवलेलं नाही. करमत नाही म्हणून येतो, गंमत करतो, जातो. मालिकेत त्याचं नाव लांबलचक होतं, आमच्या कुणाच्या जिभेला वळलं नाही. जनाबाईनं त्याला बिलंदर म्हटलं आणि तेच राहिलं.

मालिका परदेशातली, बोलणं हिंदीत बसवलेलं, रोज संध्याकाळी सातला. मला निम्मं कळायचं. उरलेलं माझी मुलगी प्रज्ञा सांगायची. ती तेव्हा अकरावीत होती, आणि शाळेत कमी, खाटेवर जास्त होती.

प्रज्ञाला सिकल आहे. रक्ताचा आजार. रक्तातल्या पेशी गोल असायच्या त्या वाकड्या होतात आणि नसांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती, कुठंही दुखणं उठतं. थंडीत जास्त उठतं, पाणी कमी पिलं की उठतं, आणि कधी काहीच कारण नसताना उठतं. ती सात वर्षांची असताना डॉक्टरीण बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं होतं. अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. दोघांत अर्धं अर्धं असतं तेव्हा दोघांना काहीच होत नाही, पोराला मात्र पूर्ण येऊ शकतं. प्रज्ञाचे बाबा म्हणजे माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा. आमच्यात मामाच्या घरी मुलगी दिली की लोक म्हणायचे, घरची घरात राहिली. तेव्हा कुंडली आम्ही बघत नव्हतो, ती बघणं आम्ही सोडलं होतं आणि त्याचा अभिमान होता. रक्त बघावं हे कुणाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरीण बाई बोलत होत्या आणि मी माझ्या दोन्ही तळहातांकडे बघत होते, जसं काही मी ते हातानं उचलून दिलं होतं.

हे मी कुणाजवळ बोलले नाही. बोलणं मला येतच नाही. चौथीपर्यंत शिकले, तेव्हाही बाई प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येत असून मी उभी राहायची नाही. म्हणून वावरात गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आली, याचं अजून नवल वाटतं.

आमच्याकडे कापूस वेचताना बाया शेजारशेजारच्या ओळी धरतात. कमरेला ओटी बांधलेली असते, दोन्ही हातांनी बोंडातून कापूस उपसत पुढं जायचं. सकाळी दव असतं, कापूस ओला लागतो, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं फाटतात. बोलणारी बाई मागं पडते, कारण बोलताना हात थांबतो. म्हणून आमच्या टोळीत एक रीत आहे. जी गोष्ट सांगते तिच्या ओटीत डाव्या बाजूची एक मूठ टाकते, उजव्या बाजूची एक मूठ टाकते. म्हणजे सांगणारीचं नुकसान होत नाही आणि ऐकणारीला फुकट ऐकल्यासारखं वाटत नाही.

आधी ही पाळी टोळीची मोठी म्हणून जनाबाईची असायची. पण त्या वर्षी तिचा टीव्ही बंद पडला होता. एक दिवस तिनं सहज विचारलं, "काल काय केलं व त्या बिलंदरनं?" मी खाली बघत दोन वाक्यं सांगितली. जनाबाईनं एक मूठ माझ्या ओटीत टाकली. दुसऱ्या बाजूनं, शेजारच्या ओळीतल्या कमलवहिनीनं टाकली. मग तिसरं वाक्य आपोआप आलं.

आठ दिवसांत टोळीत दोन बाजू झाल्या. जनाबाई बिलंदरच्या बाजूची, कमलवहिनी त्याच्या विरुद्ध, आणि बाकीच्या बाया या दोघींच्या मागं वाटल्या गेल्या. जनाबाई डावीकडची ओळ धरायची, वहिनी उजवीकडची, मधली माझी.

सगळ्यात मोठं भांडण तीन दिवसांवरून झालं. एका भागात बिलंदरनं कप्तानबाईला तिची मेलेली आई तीन दिवसांसाठी परत दिली. आई तिच्या केसांतून हात फिरवते, तिच्या ताटात वाढते, तिला रागावते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो येतो, म्हणतो, झालं, आणि आई नाही.

"देऊन काढून घेनं म्हंजे न देल्याहून वाईट," कमलवहिनी म्हणाली. "त्याले कोनं सांगतलं होतं द्यायले? बाईच्या मनाची जखम भरत आली होती, उकलून टाकली त्यानं."

"तीन दिवस तर देले," जनाबाई म्हणाली. "मले कोनी तीन मिनिटं देले नाई. माही माय गेली तवा मी सासरी कांडप करून राह्यली होती. निरोप आला तवा माती झालती."

"मंग तूच सांग, तीन दिवसांनी पुन्हा माती केली असती का तुनं?"

"केली असती. आनंदानं केली असती."

"तुमचं तं तसंच असते मावशी. हातात सत्ता असली अन् दोन गोड बोलला की तुम्ही लागल्या त्याच्या मागं. सरपंच निवडून आला तवाही तुम्ही असंच म्हनलं."

"सरपंचाले आनू नको यात. सरपंचाले फुंकर मारून नाली तं साफ करता येत नाई."

सगळ्या हसल्या. मी पण हसले, पण आतून मला धडकी भरायची. कारण भांडण गोष्टीवरचं असलं तरी त्यातला प्रश्न माझा होता. ज्याच्या हातात सगळं आहे, तो एका फुंकरीत सगळं दुरुस्त करू शकतो, आणि करत नाही. खेळतो. त्याला काय म्हणायचं? जनाबाईच्या घरी देव आहेत, ती म्हणायची, लीला असते. आमच्या घरात देव्हारा नाही. आम्हाला लहानपणापासून शिकवलं की वरून कुणी काही देत नाही, कुणी काही नेत नाही, जे आहे ते कारणानं आहे. ते मला पटतं. पण कारण कळल्यानं थंडीतली रात्र सोपी होत नाही.

संध्याकाळी घरी आले की प्रज्ञा खाटेवर उठून बसलेली असायची. पायावर गोधडी, बाजूला पाण्याचा तांब्या. "आई, आज कोण काय म्हणालं, पूर्ण सांग." मी चूल पेटवता पेटवता जनाबाईचं सांगायची, वहिनीचं सांगायची, त्यांच्या आवाजात सांगायची. ती हसायची. मग मोबाईल उघडून दाखवायची. तिथंही हेच भांडण चाललेलं असायचं, कुठल्या कुठल्या गावांतली माणसं, हिंदीत, इंग्रजीत. कुणी लिहायचं, तो दुष्ट आहे. कुणी लिहायचं, तो शिकवायला येतो. कुणी म्हणायचं, तो आला की मालिकेची मजा जाते, कारण त्याला सगळंच येतं, मग भीती कसली. प्रज्ञा तिथं जनाबाईचं आणि वहिनीचं म्हणणं टाकायची. आमच्या गावच्या दोन बाया असं म्हणतात, म्हणून. एकदा कुणीतरी दूरच्या माणसानं उत्तर लिहिलं की सत्तावाल्याबद्दल कमलवहिनी बरोबर बोलल्या. वहिनीला सांगितलं तर ती दिवसभर वेचताना ताठ चालत होती.

प्रज्ञा बिलंदरच्या बाजूची होती. हे मला खुपायचं. मला वाटायचं, ज्याला एवढं दुखतं त्यानं तरी त्याच्या विरुद्ध असावं. पण मी विचारलं नाही. ती हसत होती, जेवत होती, आणि मला रोज उद्यासाठी गोष्ट मिळत होती. खरं लिहायचं तर मला त्या दिवसांत बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा दहाबारा बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सकाळी भाकरी थापताना मनात वाक्यं जुळवायची. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. त्या नादात मी काय बघायचं सोडलं, ते पुढं कळलं.

एक दिवस संध्याकाळी सहाला लाईट गेली ती सकाळपर्यंत आली नाही. मोबाईल पण बंद. तो भाग आम्ही पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी वावरात ओटी बांधली नाही तोच जनाबाई म्हणाली, "हं, मंग?" बाकीच्यांच्याही घरी लाईट नव्हती, म्हणजे कुणालाच काही माहीत नव्हतं. मी सांगायला हवं होतं की पाहिलं नाही. सांगितलं नाही. दोन्ही बाजूंनी मुठी आल्या होत्या.

मी बनवून सांगितलं. जहाजावर एक मुलगी आहे. ती कुणाला दिसत नाही, कारण ती कायम आतल्या खोलीत झोपून असते. तिचे हातपाय दुखतात. बिलंदर तिच्या खोलीत येतो, या वेळी कुणाचंही सोंग न घेता. तो तिच्याशी सागरगोट्यांचा डाव खेळतो आणि हरतो. हरला म्हणून तिच्या अंगावरून हलकी फुंकर घालतो. मुलगी उठते, जहाजाच्या लांबच लांब गल्लीतून पळत जाते, आणि कप्तानबाई तिला विचारते, तू कुणाची गं?

मी थांबले. जनाबाई पदरानं डोळे पुसत होती. "मी म्हनत होती ना, त्याच्या मनात हाय," ती म्हणाली.

कमलवहिनी माझ्याकडे बघत होती. "तो असा नाई करनार, वंदना," ती हळू म्हणाली. "हारला तं तो डाव मोडते. तुले कोनं सांगतलं असं?"

"काल झालं," मी म्हटलं. तिनं आणखी एक मूठ माझ्या ओटीत टाकली आणि पुढं गेली. त्या दिवशी ओटी जड झाली होती आणि तिच्या गाठीनं कमरेला वळ उठला.

संध्याकाळी मी तेही प्रज्ञाला सांगितलं. लपवलं नाही, कारण मला ते आवडलं होतं. मी जुळवलेली ती पहिली गोष्ट होती. मी उभी राहून, हात हलवून सांगितलं. ती ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "मुलगी पळते?"

"पळते. खूप जोरात."

"छान," ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटलं, मालिकेत नसलेलं घातलं म्हणून रागावली.

सकाळी ती उठेना. हाक मारली तर डोळे उघडले, पण मान वळवता येत नव्हती. छातीत दुखत होतं, श्वास अर्धाच जात होता. तांब्यातलं पाणी तसंच होतं. प्रज्ञाचे बाबा वणीकडे कोळशाच्या गाडीवर, पंधरा दिवसांनी येणारे. जनाबाईच्या मुलाच्या ऑटोत आम्ही तिला घातलं. गावापासून हायवेपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. तिचा हात फक्त आठवतो. थंड, आणि माझी बोटं तिनं धरलेली नव्हती, मीच तिची धरली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "केव्हापासून दुखतंय?" मी म्हटलं, आज सकाळपासून. प्रज्ञानं डोळे मिटूनच बोटं वर केली. चार. चार दिवसांपासून.

चार दिवस ती हसत होती, मला विचारत होती, आज वहिनी काय म्हणाली. मी बोलत राहिले की तिच्याकडे बघणार नाही, हे तिला कळलं होतं. आणि मी खरंच बघितलं नव्हतं. इतकी वर्षं गप्प राहून मी तिचं प्रत्येक दुखणं ओळखलं होतं, ती कूस बदलायची त्यावरून, घास सोडायची त्यावरून. बोलायला लागले आणि चार दिवस चुकले.

तिला रक्त चढलं, ऑक्सिजन लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून खाटेवर आलं तेव्हा ती नीट बोलली. मी विचारलं, "सांगितलं काहून नाही?" रडायला आलं की माझ्या तोंडून गावचंच येतं.

"तू एवढ्या आनंदात होती," ती म्हणाली. "आणि मग तू त्या मुलीला पळायला लावलं. त्याच्यानंतर मी काय सांगणार होते, आई, की मला पाय हलवता येत नाही?"

मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. मग मी ते विचारलं, जे महिनाभर पोटात होतं. "तुला तो का आवडतो? एवढा छळतो सगळ्यांना."

ती छताकडे बघत होती. "तो छळतो, पण समोर येऊन उभा राहतो. कप्तान त्याला तोंडावर विचारते, का करतोस? शिव्या देते. माझं दुखणं कुठं येतं समोर? त्याला माझ्याशी वैर नाही, त्याला मी माहीतच नाही. कुणाला विचारू? म्हणून मला तो बरा वाटतो."

तेव्हा माझ्या मनात आलं की हिनं ज्याला विचारावं असं माणूस तर समोर बसलं आहे. अर्धं माझ्याकडून. मी ते बोलून टाकलं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, जरा चिडूनच. "आई, तुला वाटतं, सगळं तूच केलं. तू पण स्वतःला बिलंदरच समजते का?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मला हसू आलं नाही, पण श्वास मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी जनाबाई आणि कमलवहिनी भेटायला आल्या, डब्यात पातळ वरण आणि भात घेऊन. खाटेच्या दोन बाजूंना बसल्या आणि दहा मिनिटांत त्यांचं सुरू झालं. जनाबाई म्हणाली, त्या पोरीले बरं केलं तशी आपली पोट्टीही होईन. प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून कबूल केलं की तो भाग झालाच नव्हता, मी बनवला.

जनाबाईनं डब्याचं झाकण लावून घेतलं. तिचा चेहरा उतरला, ते अजून मला टोचतं.

"मले माहीत होतं," कमलवहिनी म्हणाली.

"मग मूठ काहून टाकली?"

"गोष्ट तं तू सांगतली ना. त्यानं नसन केलं, तुले करावं वाटलं. मूठ तुही होती, त्याची थोडी होती." मग जनाबाईकडे वळून म्हणाली, "मावशी, आता तरी या इकडच्या बाजूले." जनाबाई म्हणाली, "मी नाई येत. एक दिवस करन तो."

चार वर्षांत त्यानं काही केलं नाही. गोळ्यांनी केलं थोडं. रोजच्या गोळ्या, रोजचं पाणी, अंगावर गरम कपडे, तीन महिन्यांनी तपासणी. दोन वर्षं वाया गेली, पण प्रज्ञा बारावी झाली. आता यवतमाळला रक्त तपासायचं शिकते आहे, काचेखाली पेशी बघायच्या. म्हणते, पहिल्या दिवशी स्वतःचंच रक्त बघितलं, कोयत्यासारख्या दिसतात. वसतिगृहात राहते. तिथली ही तिची पहिली थंडी आहे आणि मी तिथं नाही.

जाताना आमचं ठरलं होतं की दुखलं तर सांगायचं, चौथ्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी. रोज सकाळी वावरात निघायच्या आधी मी फोन करते. दुखतं का? नाही. पाणी? पिलं. एवढंच. पण फोनमध्ये कूस बदललेली ऐकू येत नाही, घास सोडलेला दिसत नाही. 'नाही' हा शब्द तिच्या तोंडून नेहमी एकाच आवाजात येतो. तो खरा असला तरी तसाच, खोटा असला तरी तसाच. महिनाभर मी त्या शब्दाला कान लावून ओळी संपवते आहे.

आज सकाळी तिचाच फोन आला, माझ्या आधी. नव्या भागाबद्दल बोलायला लागली. काल पाहिलास का, त्यानं पोस्टमन होऊन यायची काय गरज होती, वहिनी काय म्हणेल, जनाआजी काय म्हणेल. भराभर बोलत होती, खूप हसत होती. त्या चार दिवसांतही ती अशीच हसली होती.

"प्रज्ञा," मी म्हटलं, "ते मागून. आधी सांग."

पलीकडे कुणीतरी बादली सरकवली, त्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हो. दुखतंय. पहाटेपासून. पाठीत." आणि लगेच, "गोळी घेतली, पाणी पिते आहे, माझी मैत्रीण सोबत आहे, दहाला दवाखान्यात जातोय. तू येऊ नको, उगाच वेचणी बुडते."

"बरं," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि तिची लोकरीची शाल पिशवीत घातली. आता आर्णीच्या स्टँडवर बसून हे लिहिते आहे. श्वास कसा जातो ते विचारायचं राहिलं. छातीत आहे का, तेही राहिलं. पहाटेपासून म्हणाली, म्हणजे पहिलाच दिवस. मी तिचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवून बघते आहे आणि या वेळी मला तिच्या आवाजात लपवलेलं काही सापडत नाही. यवतमाळची गाडी लागली.